बुढीनं फ्रीज घेऊ दिला नाही

त्या दिवशी सकाळी आम्ही दोघांनी मिळून डिशची छत्री फिरवली. दोघांनी मिळून केलेलं शेवटचं काम तेच. आदल्या सांजेला वारं सुटलं होतं. त्यानं छत्रीचं तोंड फिरलं आणि टीव्हीवर नुसती निळी पाटी येऊन बसली. मी शिडी लावून स्लॅबवर चढलो, बुढी, म्हणजे माझी बायको, आत टीव्हीपुढं बसली. मी छत्री हलवायची आणि तिनं खिडकीतून ओरडून सांगायचं, असं आमचं ठरलेलं होतं.

“आला का?”

“नाई.”

“आता?”

“आला, आला! सोडा हात. गेला ना! हात काहून सोडला?”

“तूच म्हनली सोडा म्हनून.”

“हळू सोडा म्हनली. म्हशीचं शेपूट हाय का ते, झटका द्याले?”

“मंग तू ये वर. मी बसतो टीव्हीपुढं.”

“मी चढली असती. पन खाली पाहाले अक्कल लागते, ते कोन करन?”

आमचा शेजारी त्याच्या ओट्यावर दात घासत होता. तो तोंडातला फेस थुंकून म्हणाला, “काका, टीव्ही राहू द्या. तुमचाच सिनेमा चांगला हाय.”

शेवटी छत्री बसली. मी खाली उतरून आत गेलो. टीव्हीवर एक बाई वांगे चिरत होती. तिनं एक वांगं चिरलं, दुसरं हातात घेतलं आणि लाइन गेली. बुढी एवढी हसली की पदर तोंडात कोंबावा लागला. मला राग आला होता, पण तिचं पाहून मीही हसलो. ती म्हणाली, “स्विच चालूच राहू द्या. लाइन आली का आपोआप लागन.”

आमच्या घरात यंत्रांबद्दल दोन पक्ष होते. फोन तिच्या पक्षात. मी चौथी शिकलो आहे, ती तेवढीही नाही, पण फोन तिला माझ्याहून चांगला यायचा. चित्रं ओळखून बोट लावायची आणि पुण्यातल्या पोरीचं तोंड काढून दाखवायची. फोनमध्ये माणूस बोलताना अर्ध्यातच थिजून जातं, तोंड उघडं राहतं, डोळे उघडे राहतात, ते मला पाहवत नसे. मी उठून बाहेर जायचो. गॅसवर ती फक्त चहा करायची. भाकर चुलीवरच. गॅसची भाकर पांचट लागते, असं तिचं मत होतं आणि ते माझंही होतं. आमचं दोघांचं एक मत झालेलं ते एवढंच यंत्र.

फ्रीज मात्र मला पाहिजे होता. पोरगी म्हणायची, बाबा, लहानसा घेऊन देते. उन्हाळ्यात वावरातून आल्यावर गार पाणी प्यावं, एवढीच माझी हौस. बुढी ऐकायची नाही. म्हणायची, “दोन मानसाचं शिजते. त्यातलं उरते काय, थंड कराले? आन लाइन हाय कोठं? लुगडे ठेवाले पाहिजे असन तं आना.” एकदा तर चिडून बोलली, “थंड पेटीतलं ते मेलेलं. माया घरात मी जिवंत हाय तोवर ते येनार नाही.” मी विषय सोडून दिला. माठ तिनं असा भरून ठेवला होता की मला तोंड उघडायला जागाच नव्हती.

दुपारी आम्ही आंबाडीची भाजी आणि भाकर खाल्ली. ती म्हणाली, छातीत जडजड वाटून राह्यलं, थोडी पडते. मी म्हटलं, पड. मी वावरात गेलो. त्या हप्त्यात मोटरीची लाइन दिवे लागणीला येणार होती, म्हणून बोरच्या मोटरीचं ऑटो लावून यायचं होतं. ऑटो म्हणजे स्टार्टरला जोडलेली एक डबी. ती लावली की लाइन आल्याबरोबर मोटर आपोआप सुरू होते, माणसाला अंधारात वावरात जावं लागत नाही. आमच्याकडे सगळ्यांच्याच मोटरीला ती आहे. लाइन आली की सगळ्या शिवारातल्या मोटरी एकदम उठतात आणि डीपी, म्हणजे घरांचा आणि वावरांचा मिळून एकच ट्रान्सफॉर्मर, कण्हते. लाइनमन शिव्या देऊन थकला, पण कोणी ती डबी काढत नाही. ते साल बोंडअळीचं होतं. बोंड वरून हिरवंगार, फोडलं की आत गुलाबी अळी आणि कवडी कापूस. तरी पाणी द्यायचंच होतं. कापसाची पऱ्हाटी उभी आहे तर काय करणार.

मी परत आलो तर टीव्हीचा आवाज रस्त्यापर्यंत येत होता. मी नसताना घरातली लाइन आली होती. मी फाटकातूनच ओरडलो, “आवाज कमी कर वं! गावाले ऐकवून राह्यली का?” आत गेलो. ती बाजेवर भिंतीकडे तोंड करून निजली होती. टीव्हीवर कोणी तरी मोठमोठ्यानं हसत होतं. मी आवाज कमी केला आणि म्हटलं, “एवढ्या आवाजात झोप लागतेच कशी तुले?” उत्तर नाही. मी खांद्याला हात लावला. खांदा हलला आणि ती हलली नाही.

मग काय झालं ते मला तुकड्या-तुकड्यानं आठवतं. मी टीव्ही बंद केला नाही. ते हसणं चालूच होतं, मी तिचं नाव घेऊन हाका मारत होतो आणि त्या हसण्यात माझी हाक मलाच ऐकू येत नव्हती. शेजाऱ्याची बायको धावत आली. तिनं पहिले टीव्ही बंद केला. शेजारी गाडी काढून रोडवरच्या गावातून डॉक्टरला मागं बसवून घेऊन आला. डॉक्टरनं नळी लावली, डोळे पाहिले आणि माझ्याकडे न पाहता शेजाऱ्याला म्हणाला, हृदय बंद पडलं, बराच वेळ झाला. सकाळी जी बाई मला अक्कल शिकवत होती, ती दुपारी ‘बराच वेळ झाला’ झाली. मी डॉक्टरला म्हटलं, “आताच तं जेवली.” त्यानं मान हलवली.

पोरीला फोन शेजाऱ्यानं लावला. कधी, एवढंच तिनं विचारलं. मग म्हणाली, “बाबा, मी आताच्या आता निघते. सकाळपर्यंत पोचते.”

ते दिवस कडक उन्हाचे. पाऊस गेला होता आणि थंडी आली नव्हती. जमलेल्यांतले म्हातारे एकमेकांकडे पाहू लागले. सकाळपर्यंत ठेवणं जमणार नाही, हे कोणी बोलत नव्हतं, पण सगळ्यांच्या तोंडावर तेच होतं. शेजाऱ्यानं फोन हातात घेतला. “ताई,” तो म्हणाला, “व्हिडिओ लावतो. आईचं तोंड पाहून घे. आज सांजच्याला उरकून टाकू.”

“नाही,” पोरगी फोनातून ओरडली. “मले फोनात नाही पाहाचं. मी तिच्या तोंडावरून हात फिरवल्याशिवाय तिले नेऊ नका. बाबा, ऐकून राह्यले का? बाबा!”

मी म्हटलं, “ऐकून राह्यलो. ये तू. कोनी नेत नाही.”

बोलून तर बसलो, पण ठेवायचं कसं, ते मला माहीत नव्हतं. शेजारी म्हणाला, घाटंजीला पेटी मिळते, फ्रीजर, काचेची. टेम्पोत घालून आणतात. मला आधी समजलंच नाही. बर्फाची पेटी कायले पाहिजे, बर्फ घेऊन ये ना, असं म्हणालो. त्यानं मला बाजूला नेऊन हळूच समजावलं. माणूस ठेवायचा फ्रीज. असंही काही असतं, हे मला तेव्हा कळलं. तिनं एवढ्या वर्षांत तो दारात येऊ दिला नाही, आणि तो आता येणार होता, तिच्याचसाठी.

मी शेजाऱ्याला म्हटलं, “तिले ते आवडत नाही.”

“काय?”

“फ्रीज.”

तो माझ्याकडे पाहतच राहिला. मग म्हणाला, “काका, तुमी बसा. मी पाहतो.”

पेटी आली तेव्हा उन्हं उतरायला लागली होती. लांबलचक, स्टीलची, वर काचेचं झाकण, पायाशी एक लहानशी काळी पाटी, त्यावर लाल आकडे. पेटीवाला भला माणूस होता. येताना बर्फाच्या लाद्या घेऊनच आला. बायांनी पांढरं लुगडं नेसवून तिला आत ठेवलं आणि झाकण लावलं. काचेमागं तिचं तोंड दिसलं आणि मला दुकानातल्या थंड बाटल्या आठवल्या. असं आठवू नये. पण आठवलं. माणसाच्या मनाला लाज नसते.

पेटीवाला म्हणाला, “पॉइंट कोठं हाय?”

शेजाऱ्यानं दाखवला. लाइन परत गेली होती.

मग जे सुरू झालं ते मी कधी विसरणार नाही. माझी बायको मधात ठेवलेली आणि तिच्या चहूकडून लोक विजेवर बोलू लागले. शेजाऱ्यानं त्याचं इन्व्हर्टर उचलून आणलं. क्रिकेट पाहायला घेतलं होतं त्यानं. जोडलं तर इन्व्हर्टर टी-टी करून बंद. पेटीवाला म्हणाला, याच्यानं पंखा फिरते, हे नाही ओढत. दुसरा म्हणाला, डीजेवाल्याचं जनरेटर आणू. तिसरा म्हणाला, ते दारव्ह्याकडे लग्नात गेलं. एक जण म्हणाला, सोलर पाहिजे होतं गावात, सरकार देते. त्याच्या शेजारचा म्हणाला, “सोलर देते तं दिवसा देते ना बावा, रातभर सूर्य कोठून आनतं?” एकानं ढाणकीच्या पावण्याकडे कशी चोवीस तास लाइन असते ते सांगितलं. दुसऱ्यानं त्याला खोटं पाडलं. मी भिंतीशी बसून ऐकत होतो. कोणाचं चुकलं असं मी म्हणत नाही. मेलेल्या माणसाजवळ बोलायला काही लागते, त्यांना वीज मिळाली. पण मला वाटत होतं, ती आता उठून म्हणेल, चूप बसा रे, चहा घेता का.

पेटीवाल्यानं मग खरी गोष्ट सांगितली. “दिवे लागनीला लाइन येनार म्हनता. आली का सगळ्याच्या मोटरी उठन. व्होल्टेज पडन. व्होल्टेज पडला का ही पेटी बंद होते, आन मंग लवकर उठत नाही. मांगं एका गावात डीपीच उडाली. त्यायले रातोरात न्याव लागलं.”

पोरगी तेव्हा बसमध्ये बसली होती.

शेजारी उठला आणि गावच्या बुद्धविहारात गेला. विहाराचा भोंगा बॅटरीवर चालते. थोड्या वेळानं त्याचा आवाज गावभर आला. “ज्यायच्या ज्यायच्या मोटरी ऑटोवर हाय, त्यायनं आताच्या आता वावरात जाऊन ऑटो काढा. आज रातभर मोटर चालवू नका. काकूची पेटी चालू ठेवाची हाय. पोरगी पुन्याहून येऊन राह्यली.”

हप्त्यातून मिळणारं पाणी होतं ते. कोणाचा हरभरा नुकता टोचलेला, कोणाचा गहू. त्या सालात कापसानं सगळ्यांनाच बुडवलं होतं, जे काही हाती लागायचं ते या पाण्यावर होतं. तरी मी पाहिलं, ओट्यावरून माणसं उठली. कोणी गाडीवर, कोणी सायकलवर, कोणी पायी. ज्याच्याशी बांधावरून माझं बोलणं बंद होतं तोही माझ्या दारावरून गेला. माझ्याकडे पाहिलं नाही, पण गेला.

अंधार पडायच्या आत सगळे परत आले. लाइन आली. बल्ब लखकन लागला. पेटीतून घुर्र असा आवाज सुरू झाला आणि काळ्या पाटीवरचे लाल आकडे हळूहळू उतरायला लागले. शेजाऱ्याच्या बायकोनं हात जोडले. पेटीवाला म्हणाला, “जमलं.”

तेवढ्यात बल्ब पिवळा पडला. पेटीची घुरघुर बारीक झाली, एक आचका दिला आणि बंद. बाहेरून, शिवारातून, मोटरीचा आवाज येत होता. लांबून, पण साफ.

शेजारी तापला. “कोन्या हरामखोराची हाय ती? भोंग्यावर सांगतलं तरी? मानूस हाय का जनावर?”

सगळे ओट्यावर येऊन कान देऊन उभे राहिले. आवाज नाल्याच्या अल्याडहून येत होता. एक म्हणाला, माझी नाही, मी वायरच काढून आलो. दुसरा म्हणाला, माझी पल्याड आहे. शेजाऱ्यानं माझ्याकडे पाहिलं. त्याचा चेहरा पार उतरला.

“काका,” तो हळू म्हणाला, “तुमचीच व्हय.”

सगळ्या गावानं माझ्या बायकोसाठी पाणी सोडलं आणि जी एक मोटर चालू होती ती माझी. ती जात होती तेव्हा मी वावरात उभा राहून हेच केलं होतं, ऑटो लावलं होतं. मी शरमेनं मेलो असतो, पण वेळ नव्हता. शेजाऱ्यानं मला गाडीवर मागं बसवलं आणि वावराच्या धुऱ्यापर्यंत गाडी पळवली. तो म्हणाला, मी काढतो. मी म्हटलं, नाही, तू बाजूला हो. स्टार्टरच्या पेटीत हात घालून मी ती डबी तारांसकट उपटली. शेजारी ओरडला, “शॉक लागन ना हो!” मी म्हटलं, आता काय लागायचं राहिलं आहे.

मोटर थांबली. अळीनं खाल्लेल्या पऱ्हाटीत पाणी पोचलं होतं. पाय चिखलात फसत होते. गाडीवर बसताना शेजारी एकच वाक्य बोलला, “कोनी काही म्हननार नाही काका.” आणि खरंच कोणी काही म्हणालं नाही. मला त्याचंही नवल वाटलं. मी त्यांच्या जागी असतो तर बोललो असतो.

पेटी लगेच उठली नाही. सगळे बर्फाच्या लाद्यांचं पाणी कपड्यानं टिपत बसले, त्या लाल आकड्याकडे पाहत. मग ती उठली आणि रात्रभर चालली. शिवारात एकही मोटर वाजली नाही. एवढं शांत शिवार मी जन्मात ऐकलं नव्हतं. मी पेटीपाशी बसून राहिलो. काचेवर वाफ धरायची, मी खांद्यावरच्या दुपट्ट्यानं पुसायचो, आणि वाफ आतून असायची, पुसली जायची नाही. मला तिला सांगायचं होतं की राग नको मानू. पण लोक होते, म्हणून मनातच सांगितलं. ती मनातलं ऐकणारी नव्हती. तिला मोठ्यानं सांगावं लागायचं.

मला लोक विचारतात, यंत्र चांगलं का वाईट. मला नाही माहीत. त्या पेटीनं पोरीसाठी आई ठेवली, हे खरं. आणि तिला त्या काचेत पाहून मी आतून जो हललो तो अजून जाग्यावर आलो नाही, हेही खरं. ज्याला दोन्हीतलं एक निवडता येते, त्यानं सांगावं.

सकाळी फोन आला. पोरगी यवतमाळला उतरली होती, जीपमध्ये बसत होती. मी फोन शेजाऱ्याला दिला आणि पेटीवाल्याला उठवलं. तो ओट्यावरच निजला होता.

“भाऊ,” मी म्हटलं, “हे बंद केल्यावर मानूस गरम व्हाले किती वेळ लागते?”

तो डोळे चोळत माझ्याकडे पाहू लागला. “बाबा, आजपर्यंत मले हे कोनी नाही विचारलं.”

“पोरगी तोंडावरून हात फिरवनार हाय. तिच्या हाताले गार नाही लागलं पाहिजे.”

तो उठला आणि झाकणाच्या कड्या काढायला लागला. पॉइंटातली पिन मी काढली. चौघांनी तिला उचलून आंगणात आणलं, बाजेवर, जिथं पहिलं ऊन पडते तिथं. मी चूल पेटवली आणि पाणी तापत ठेवलं. शेजाऱ्याची बायको आली आणि म्हणाली, “काका, आंघोळ घालनं बायायचं काम व्हय. तुमी बसा.”

“बाकीचं तुमचं,” मी म्हटलं. “तोंड आन हात मायाकडे.”

तिनं मला जागा दिली. मी दुपट्ट्याचं एक टोक गरम पाण्यात बुडवलं, पिळलं आणि तिच्या गालावर ठेवलं. गाल दगडासारखा गार होता. दुपट्टा निवला की परत बुडवायचा, परत ठेवायचा. एक गाल, मग दुसरा, मग कपाळ. मग तिचे हात माझ्या दोन हातांत धरून चोळत बसलो. ऊन बाजेवर चढलं होतं. रस्त्यावर जीप थांबल्याचा आवाज आला. मी उठलो नाही. चोळतच राहिलो.